घटसर्प दिसतो घशात, मारतो हृदयात

पोस्ट मोठी आहे. पण घरात दहा ते सोळा वर्षांचं मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

घटसर्प म्हटलं की निफाड-सिन्नरकडच्या माणसाला आधी गोठा आठवतो. पावसाळ्याच्या तोंडावर पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं गावात येतात आणि गाई-म्हशींना घटसर्प-फऱ्याची लस टोचून जातात. एखाद्याचं जनावर राहिलं तर तो स्वतः फोन करून बोलावून घेतो, कारण म्हैस गेली तर वर्षाचं गणित कोलमडतं हे त्याला पक्कं माहीत असतं. माणसांनाही घटसर्प होतो, आणि तो मुख्यतः मुलांना होतो, हे मात्र आपण विसरत चाललो आहोत.

दोन्ही रोगांचं मराठी नाव एक असलं तरी जिवाणू वेगळे आहेत. घसा सुजतो, श्वास कोंडतो, म्हणून लोकांनी दोघांनाही एकच नाव दिलं असावं. माणसांच्या घटसर्पाला डॉक्टर डिप्थीरिया म्हणतात. मी आज लिहितोय तो त्याचा इतिहास. गावच्या गोठ्यात जे कळतं ते आपल्या घरात का कळत नाही, हा माझा प्रश्न आहे.

आधी रोगाची खोड समजून घेऊ. सुरुवात साध्या घसादुखीने होते. बारीक ताप असतो, फार नसतो. मग टॉन्सिलवर राखाडी-पांढरा पापुद्रा धरतो. तो खरवडायला गेलं तर रक्त येतं. काही मुलांची मान बैलाच्या मानेसारखी सुजते. पापुद्रा खाली स्वरयंत्राकडे उतरला तर मूल गुदमरतं. जुन्या काळी आईबापांना हीच भीती असायची, आणि ती खरीच होती.

पण जुन्या डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसत होती. आठ-दहा दिवसांनी पापुद्रा सुटतो, ताप उतरतो, मूल पेज मागतं, घरचे नवस फेडायच्या गोष्टी करायला लागतात. आणि मग एखाद्या सकाळी मूल अंथरुणातून उठतं, चार पावलं चालतं आणि कोसळतं. घसा बरा झालेला, श्वास मोकळा, आणि तरी मूल गेलं. म्हणून घटसर्पाच्या मुलाला काही आठवडे अंथरुणातून हलू द्यायचं नाही, उठून बसूसुद्धा द्यायचं नाही, असा दंडक होता. हृदय दगा देतं हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. का देतं, ते कळत नव्हतं.

फ्रान्समधल्या ब्रेतोन्नो या डॉक्टरने १८२६ मध्ये या रोगाला नाव दिलं, ते ग्रीक भाषेतल्या कातड्याच्या शब्दावरून. घशातला पापुद्रा कमावलेल्या कातड्यासारखा दिसतो म्हणून. हा रोग गरीब-श्रीमंत बघत नव्हता. राणी व्हिक्टोरियाची मुलगी ॲलिस १८७८ च्या डिसेंबरात घटसर्पाने गेली, आपल्याच आजारी मुलांची शुश्रूषा करता करता.

१८८४ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश लोफ्लर यांनी हा जिवाणू वेगळा काढून वाढवला. त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. मेलेल्या प्राण्याच्या हृदयात, यकृतात, मूत्रपिंडात नुकसान दिसतं, पण जिवाणू तिथे सापडतच नाही. तो आपला घशातच बसलेला. मग इतक्या दूरवर घात करतं कोण? लोफ्लर यांनी अंदाज केला की जिवाणू विष तयार करत असावा आणि ते रक्तातून फिरत असावं.

तो अंदाज १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू आणि अलेक्झांद्र येर्सिन यांनी सिद्ध केला. त्यांनी रश्शात जिवाणू वाढवले, मग तो रस्सा इतक्या बारीक गाळणीतून गाळला की एकही जिवाणू उरू नये. तो नितळ रस्सा टोचल्यावरही प्राणी तसेच मेले. म्हणजे मारणारा जिवाणू नव्हे, त्याचं विष. हे विष किती जहाल आहे बघा. शरीराच्या वजनाच्या किलोमागे एका मायक्रोग्रॅमचा दहावा भाग माणसाला मारायला पुरतो. बारीक मिठाचा एक कणसुद्धा त्याहून कितीतरी जड असतो.

विष म्हटलं की उतारा शोधणं आलंच. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी दाखवलं की प्राण्याला थोडं थोडं विष टोचत गेलं की त्याच्या रक्तात विष मारणारा पदार्थ तयार होतो, आणि ते रक्तजल दुसऱ्याला दिलं तर त्याचाही बचाव होतो. रू यांनी त्यासाठी घोडे वापरले, कारण घोडा मोठा, रक्त भरपूर. १८९४ मध्ये त्यांनी पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयातले आकडे जाहीर केले. घटसर्पाने मरणाऱ्या मुलांचं प्रमाण शंभरात सुमारे ५२ होतं, ते २४ वर आलं होतं. १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलंच नोबेल बेरिंगना मिळालं ते याच कामासाठी.

ग्रामीण भागातल्या वाचकाला हे लगेच समजेल, कारण साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन मिळतं तेही घोड्याच्याच रक्तापासून बनतं. घटसर्पाचं प्रतिविष आधी आलं, आणि त्याच वाटेने पुढे सर्पदंशाचं आलं.

आता पॅरिसहून आपल्याकडे. ज्या येर्सिननी घटसर्पाचं विष दाखवलं, त्यांनीच १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जिवाणू शोधला. दोन वर्षांनी तो प्लेग मुंबईत उतरला आणि पुढे आपल्या जिल्ह्यातही आला. भगूरचे दामोदरपंत सावरकर १८९९ मध्ये त्याच प्लेगने गेले. पाश्चर संस्थेतच काम केलेले वाल्देमार हाफकिन तेव्हा मुंबईत आले. त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये गेली. १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळालं. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी तिचे पहिले भारतीय संचालक झाले आणि तिथलं लशी-औषधांचं उत्पादन वाढत गेलं. पुढे पिंपरीला घोडे ठेवून सर्पदंश, धनुर्वात, घटसर्प यांवरची प्रतिविषं बनवण्याचं काम हाफकिनच्याच छत्राखाली चाललं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोष्टही घोड्यांपासूनच सुरू होते. पूनावाला घराण्याचा व्यवसाय शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा. म्हातारे घोडे हाफकिनला जायचे, रक्तजल काढायला. सायरस पूनावालांनी विचार केला की हे आपणच का करू नये? १९६६ मध्ये कंपनी निघाली, धनुर्वाताच्या प्रतिविषापासून कामाला लागली आणि नंतर त्रिगुणी लशीकडे वळली. आज जगभरातली मुलं या पुण्याच्या लशी घेतात. म्हणजे या विषावरचा इलाज नाशिकपासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरच्या आत तयार होत आला आहे. साधन लांब आहे असं आपण म्हणू शकत नाही.

पण प्रतिविषाला एक मर्यादा आहे, आणि ती कळायला हवी. ते रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतं. पेशीच्या आत शिरलेल्या विषाला ते काही करू शकत नाही. म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशी ते मिळालं तर दगावणारे फार थोडे, आणि चार-पाच दिवस गेले की धोका कित्येक पटींनी वाढतो. घशातला नमुना तपासायला पाठवतात, पण अहवालाची वाट न बघता प्रतिविष द्यायचं असतं, ते याचसाठी. सोबत पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन देतात. ते जिवाणू मारतं, पण आधीच तयार झालेलं विष मारत नाही.

पेशीत शिरून हे विष नेमकं काय करतं, हे कळायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गेली. येवल्याचं उदाहरण घेऊन सांगतो.

पैठणी विणणारा कारागीर धोटा टाकतो, धागा ठोकतो, आणि विणलेलं कापड थोडं थोडं पुढे गुंडाळत जातो. कापड पुढे सरकलंच नाही तर विणकाम थांबतं. आपल्या पेशीत प्रथिनं अशीच विणली जातात, एकेक कडी जोडत. प्रत्येक कडीनंतर माग एक घर पुढे सरकवण्याचं काम एक प्रथिन करतं. त्याला शास्त्रज्ञ ईएफ-२ म्हणतात. घटसर्पाचं विष त्याच ईएफ-२ ला एक रासायनिक तुकडा चिकटवून त्याला कायमचं जाम करतं. हे १९६० च्या दशकात उलगडलं. आणि एक ईएफ-२ जाम केल्यावर विषाचा रेणू संपत नाही, तो दुसऱ्याकडे जातो, मग तिसऱ्याकडे. विषाच्या कार्यकारी भागाचा एकच रेणू आत गेला तरी पेशी मरू शकते, असं १९७८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं.

आता हृदयाकडे या. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं. स्नायूच्या पेशीत बारीक तंतू एकमेकांवर सरकतात, तेव्हा ठोका पडतो. त्यांना हलवायला कॅल्शियमची ये-जा लागते, इंधन लागतं, आणि झिजलेल्या प्रथिनांच्या जागी नवी प्रथिनं सतत लागतात. माग बंद पडले तरी गोदामातलं कापड काही दिवस पुरतं. मग टंचाई जाणवायला लागते. घसा बरा होताना, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास हृदय का ढासळतं, त्याचं हे एक कारण. शिवाय १९६४ मध्ये गिनीपिगवरच्या प्रयोगांत दिसलं की विषामुळे हृदयातलं कार्निटिन कमी होतं. हृदय इंधन म्हणून मुख्यतः मेद वापरतं, आणि तो मेद पेशीच्या भट्टीपर्यंत न्यायला कार्निटिन लागतं. ते नसलं की मेद तसाच साचून राहतो आणि भट्टी उपाशी.

परिणाम असा की आकुंचनाचा जोर कमी होतो. हृदय ताणलं जातं, पहिला ठोका ऐकायला मंद होतो. त्याहून वाईट म्हणजे ठोक्याचा विद्युत संदेश वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात पोचेनासा होतो. नाडी एकदम संथ पडते. पूर्ण अडथळा आला तर अतिदक्षता विभागातही मूल वाचवणं फार अवघड असतं. काहींना मज्जातंतूंचा त्रास होतो. टाळू लुळी पडते आणि प्यायलेलं पाणी नाकातून येतं. जी मुलं या सगळ्यातून तरतात, त्यांचं हृदय बहुधा पुन्हा सावरतं. पण तोवरचे काही आठवडे सगळा जीव टांगणीला.

आणखी एक गंमत, खरं तर गंमत नव्हे. हे विष जिवाणूचं स्वतःचं नाहीच. १९५१ मध्ये व्हिक्टर फ्रीमन यांनी अमेरिकेत दाखवलं की निरुपद्रवी जिवाणूला एका विशिष्ट विषाणूची लागण झाली की तो विष बनवायला लागतो. म्हणजे घशात वर्षानुवर्षं शांतपणे राहणारा जिवाणूसुद्धा घातक होऊ शकतो. शत्रू गावाबाहेर घालवला, आता येणार नाही, असं या रोगाबाबत म्हणता येत नाही.

प्रतिविष म्हणजे आग लागल्यावरचा बंब. आग लागूच नये याची सोय फ्रान्सच्या गास्तों रामों यांनी १९२३ मध्ये केली. त्यांनी विषाला फॉर्मेलिन आणि उष्णता देऊन त्याचा दात काढला. दिसायला विष तेच, पण चावत नाही. शरीर मात्र ते ओळखून स्वतःचं प्रतिविष तयार करतं. हीच लस. पुढे ती धनुर्वात आणि डांग्या खोकल्याच्या लशीबरोबर एकत्र झाली आणि आपल्याकडे त्रिगुणी म्हणून घरोघरी पोचली. १९७८ मध्ये देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम आला, १९८५ पासून सार्वत्रिक. २०११ च्या अखेरीपासून पेंटाव्हॅलंट टप्प्याटप्प्याने येत गेली. माझ्या पिढीने त्रिगुणीच्या ताप-रडारडीच्या रात्री पाहिल्या, पण घटसर्पाचं मूल पाहिलं नाही. ही त्या लशीचीच कमाई.

पण ही लस विषाला निकामी करते, जिवाणूला नाही. लस घेतलेल्याच्या घशातही जिवाणू काही काळ राहू शकतो आणि शेजारच्याकडे जाऊ शकतो. आणि लशीचं बळ वर्षांबरोबर ओसरतं. ज्यांनी डोस घेतले नाहीत आणि ज्यांचे जुने झाले, ते दोघेही उघडे पडतात.

हे कागदावरचं बोलणं नाही. सोव्हिएत संघ कोसळला, लसीकरण विस्कटलं, आणि १९९० च्या दशकात तिथे दीड लाखांहून अधिक लोकांना घटसर्प झाला, सुमारे पाच हजार मेले. त्यात मोठी माणसंही भरपूर होती. २०१५ मध्ये स्पेनमध्ये लस न दिलेला सहा वर्षांचा मुलगा आजारी पडला. त्या देशात जवळपास तीस वर्षांत असा रुग्ण नव्हता, त्यामुळे प्रतिविषच नव्हतं. शेवटी ते रशियाहून आणलं. मुलगा वाचला नाही.

आणि आपल्या देशाचं? २०१८ मध्ये जगभरात सोळा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यातले निम्म्याहून अधिक भारतातले. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या महर्षी वाल्मीकी संसर्गजन्य रोग रुग्णालयात वीसहून अधिक मुलं गेली. प्रतिविष संपलं होतं. देशाला ते पुरवणाऱ्या कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेतलं उत्पादन बंद पडलेलं होतं. ज्या औषधाला सव्वाशे वर्षं झाली, ते देशाच्या राजधानीत मिळालं नाही.

आता नाशिक. सरकारी वेळापत्रक असं आहे: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट. सोळा ते चोवीस महिन्यांत त्रिगुणीचा बूस्टर. पाच-सहा वर्षांना दुसरा. मग दहा आणि सोळा वर्षांना टीडी. पहिले डोस अंगणवाडी आणि आशाताईंमुळे बहुतेकांचे होतात. पुढचे गळतात. मूल शाळेत गेलं की आईच्या हातातलं कार्ड कपाटात जातं. आणि हल्ली घटसर्प बऱ्याचदा याच शाळकरी वयात दिसतो.

टीडीबद्दल एक गैरसमज आहे. लोक अजून त्याला टीटी म्हणतात, म्हणजे फक्त धनुर्वाताचं. २०१९ च्या सुमारास सरकारी कार्यक्रमात टीटीच्या जागी टीडी आलं. त्यातला डी म्हणजे हाच डिप्थीरिया. ‘काही लागलं तर घेऊ’ असं म्हणून जे इंजेक्शन आपण टाळतो, त्यात मुलाच्या हृदयाचं संरक्षण आहे.

आपल्या जिल्ह्यात गळती कुठे होऊ शकते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात. पोरं सोबत येतात, कार्ड गावी राहतं. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबई-भिवंडीबरोबर मालेगावातही गोवर पसरला, तेव्हा लशीची पोकळी सगळ्यांना दिसली. जिथे गोवराची लस चुकते तिथे त्रिगुणीही चुकलेली असू शकते. आश्रमशाळांत मुलं एका खोलीत दाटीने झोपतात, आणि हा रोग खोकल्या-शिंकांतून पसरतो. त्यात २०२७ चा सिंहस्थ. घाट, रस्ते, पार्किंग यावर रोज चर्चा चालते, ती व्हावीच. पण देशभरातून माणूस येणार आहे, तर आरोग्याच्या तयारीत हेही विचारलं गेलं पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे.

एक, आज रात्री कपाटातलं कार्ड काढा. पाच, दहा, सोळा या तिन्ही खुणा बघा. राहिलं असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जा. लस मोफत आहे आणि उशीर झाला तरी देतात.

दोन, शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर पाचवी आणि दहावीच्या वर्गांसाठी टीडीचा दिवस लावून घ्या. बागायतदारांनी आपल्या बागेवरच्या मजुरांच्या मुलांसाठी आशाताईंना एकदा बोलवावं. म्हशीसाठी फोन करतो, तसाच हा एक.

तीन, लोकप्रतिनिधी भेटले की विचारा, जिल्ह्यात घटसर्पाचं प्रतिविष कुठे ठेवलंय आणि सुरगाण्याच्या मुलापर्यंत ते किती तासांत पोचेल? दिल्लीत हा प्रश्न मुलं गेल्यावर विचारला गेला. आपल्याकडे तो आधी विचारता येतो.

आणि घसा दुखतोय, ताप बारीक आहे, पण टॉन्सिलवर राखाडी पापुद्रा दिसतोय, असं कधी झालं तर हळद-मिठाच्या गुळण्यांत दिवस घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हा रोग घसा दाखवून वेळ काढतो, आणि त्या वेळात विष हृदयापर्यंत पोचतं.